पडण्याची विद्या

इंदूरहून धारकडे निघाले की वाटेत बेटमा लागते. त्याच्या उत्तरेला, देपालपूरच्या पुढे, गौतमपुरा आहे, दक्षिणेला पिथमपूर. गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिंगोट युद्ध होते. आपण ज्याला हिंगण म्हणतो त्या झाडाचे फळ कोरून वाळवतात, त्यात दारू ठासतात, एक तोंड मातीने लिंपतात, दुसऱ्याला वात लावतात आणि दिशा मिळावी म्हणून बांबूची काडी बांधतात. गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीची कलंगी असे दोन गट डोक्याला साफा, एका हातात ढाल आणि खांद्याला झोळी घेऊन समोरासमोर उभे राहतात आणि पेटते हिंगोट एकमेकांवर सोडतात. मराठी माणसाला ही दोन नावे ऐकताच शाहिरांचा कलगी-तुरा आठवेल. तिथे सवाल-जवाब शब्दांचे, इथे आगीचे. काडी बांधली तरी हिंगोट कुठे जाईल याचा नेम नसतो. दरवर्षी माणसे भाजतात. २०१७ साली एका तरुणाचा जीव गेला.

पिथमपूरला याच्या अगदी उलटे चित्र आहे. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा लंबगोल धावमार्ग २०२१ साली सुरू झाला. त्याच्या वळणांचा उतार असा बांधला आहे की ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चालकाने स्टीयरिंगवर जोर न देताही वळण घेते. बाहेर फेकणारा जोर आणि आत ओढणारा उतार यांचे गणित रस्त्यातच मुरवलेले आहे. वेग एरवी माणूस मारेल असाच आहे, फक्त त्याचा हिशेब आधी झाला आहे.

पडद्यावरच्या हाणामारीविषयी, उड्यांविषयी, उलटणाऱ्या गाड्यांविषयी आपण बोलतो तेव्हा आपली भाषा गौतमपुऱ्याची असते. ‘जिवावर उदार होऊन केलेला स्टंट’, ‘डमी न वापरता नायकाने स्वतः मारलेली उडी’, ‘थोडक्यात वाचला’ हीच आपली कौतुकाची वाक्ये. माझे म्हणणे असे की ही कला पिथमपूरची आहे. स्टंटचे मोल धोका पत्करण्यात नाही. धोका काढून घ्यायचा आणि त्याचे वजन तेवढे पडद्यावर ठेवायचे, या कसबात ते आहे. हा फरक न कळल्याने आपण चुकीच्या माणसाला टाळ्या देतो, चुकीच्या गोष्टीवर पैसा लावतो आणि कधी कधी माणसेही गमावतो.

पुराव्यासाठी थेट कोल्हापूरला जावे लागेल. १९२० साली बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की थिएटरात लोकांना भोवळ आल्याचे सांगतात, आणि पुढे सेन्सॉरने तो प्रसंग कापायला लावला. पडद्यावर धडावेगळे झालेले शिर म्हणजे पेंटरबुवांच्या हातातली कारागिरी होती. रंग, साचा, प्रकाश आणि कॅमेरा कुठे थांबवायचा याचे भान. प्रेक्षकाच्या पोटात गोळा आणण्यासाठी खऱ्या धोक्याची गरज असती, तर त्या भोवळीचा अर्थच लागला नसता.

आता दुसरे टोक पाहू. ‘दो आंखें बारह हाथ’ (१९५७) मध्ये व्ही. शांताराम स्वतः बैलाशी झुंजले आणि त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. दृष्टी जाते की राहते अशी वेळ आली होती. त्यांच्या निष्ठेपुढे मान झुकतेच. पण तो चित्रपट मोठा आहे तो सहा कैदी आणि एक तुरुंगाधिकारी यांच्या नात्यामुळे. ती जखम झाली नसती तर चित्रपट तसूभरही लहान झाला नसता. ‘कुली’चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९८२ च्या जुलैत बंगळुरूला त्या चित्रपटातल्या मारामारीत अमिताभ बच्चन यांना जीवघेणी दुखापत झाली. पुढे चित्रपटात नेमके तेच दृश्य गोठवून, त्यावर मजकूर टाकून प्रेक्षकांना दाखवले गेले. ती मारामारी कशी रचली होती, कोणता ठोसा कुठून आला, हे आज कुणालाही आठवत नाही. आठवते ती दुखापत. म्हणजे तिथे रचना हरली आणि अपघात उरला.

रचना जिंकते तेव्हा काय दिसते, हे बस्टर कीटनच्या १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये पाहावे. वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि वरच्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून तो नेमका वाचतो. भिंत खरी होती, जड होती, आणि खिडकीच्या चौकटीत व त्याच्या अंगात काही इंचांचेच अंतर होते. शंभर वर्षे होत आली तरी ते दृश्य पाहताना श्वास अडकतो. याला धाडस म्हणणारे म्हणोत, पण धाडसाने भिंत ठरल्या जागी पडत नाही. बिजागरी कुठे, भिंतीची उंची किती, पायाची खूण कुठे, हे कुणीतरी फूटपट्टीने मोजले होते म्हणून ती तिथे पडली. ‘कसिनो रॉयल’मध्ये (२००६) जेम्स बाँडची गाडी उलटते त्याची गोष्टही अशीच. ती गाडी रस्त्याला इतकी घट्ट धरून होती की नुसत्या उतरत्या फळीवरून नेऊन ती उलटेना. मग चालकाच्या आसनामागे दाबाखालच्या वायूची नळकांडी बसवली. कळ दाबताच खालून दट्ट्या जमिनीवर आदळला आणि गाडीने ७ कोलांट्या घेतल्या. तो विक्रम ठरला. चालक ॲडम कर्ली चालत बाहेर आला. हे चित्रण कुठे झाले? इंग्लंडमधल्या मिलब्रूक या वाहनचाचणी केंद्रात. पिथमपूरच्याच जातकुळीतली जागा.

हे कसब आपल्याला परके नाही, उलट ते आपल्या तालमीतले आहे. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती म्हणजे नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवतात आणि रोज ती खणून भुसभुशीत करतात, ती पाठीवर पडणाऱ्या पैलवानाला सोसावे म्हणूनच. बाळंभट्टदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस घडवलेला मल्लखांब पाहा. खांबाला एरंडेल चोळतात, कारण घर्षणाने कातडी सोलली तर पकड सुटते. हाच मल्लखांब माळव्यात इतका रुजला की २०१३ साली मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. स्टंटच्या सेटवर यांचीच भावंडे भेटतात. उंचावरून पडणाऱ्यासाठी खाली रिकामे पुठ्ठ्याचे खोके रचतात आणि वर गादी टाकतात. एकेक थर चेपत जातो, थांबायला लागणारा वेळ वाढतो आणि तेवढा हिसका कमी होतो. खोके कोंबून भरले तर ते दगडासारखे लागतात, फार विरळ ठेवले तर माणूस थेट जमिनीवर. खोके कसे रचायचे हे फाइट मास्टर एखाद्या पुस्तकातून शिकत नाही. वस्ताद जशी माती ओळखतो तसे ते त्याला हाताने कळते.

‘शोले’ २०२५ साली ५० वर्षांचा झाला. त्यातला रेल्वेवरचा हल्ला पनवेलजवळ मुंबई–पुणे मार्गावर चित्रित झाला आणि त्या एका प्रसंगाला सात आठवडे लागले. त्यासाठी ब्रिटनहून जिम ॲलन आणि गेरी क्रॅम्पटन यांच्यासारखे तज्ज्ञ आले होते. सात आठवडे! चांगल्या स्टंटचा खर्च उडीवर होत नाही, उडीच्या आधीच्या दिवसांवर होतो. त्याच चित्रपटात बसंतीचा टांगा धावतो तेव्हा अनेक दृश्यांत लगाम स्टंट कलाकार रेश्मा पठाण यांच्या हातात आहे. आपल्याला दिसते ती हेमा मालिनी. पाठमोऱ्या दिसणाऱ्या बाईचे नाव विचारायला प्रेक्षकांनी चार दशके घेतली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. आता संगणक सगळे करू शकतो, मग जिवंत माणसाला उंचावरून का फेकायचे? यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. १९३६ च्या ‘चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये घोडे पडावेत म्हणून त्यांच्या पायांना तारा बांधल्या आणि कितीतरी घोडे मेले. आज आपल्या शिवकालीन चित्रपटांत रणांगणावर कोसळणारा घोडा संगणकातून येतो याचा मला आनंदच आहे. घोड्याने त्या प्रसंगाला संमती दिलेली नसते. पण संगणक आणि स्टंट यांना एकमेकांचे वैरी मानणे चूक. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) हा खऱ्या गाड्यांचा, नामिबियाच्या खऱ्या वाळवंटातला चित्रपट म्हणून गाजला आणि ते खरेही आहे; पण त्यातल्या सुमारे २,००० दृश्यांवर संगणकाचा हात फिरला आहे. त्यात मला फसवणूक दिसत नाही. पूर्वी माणूस ज्या तारेला लटकायचा ती दिसू नये म्हणून बारीक ठेवावी लागे. आता ती जाड ठेवता येते, हार्नेसला दोन पट्टे जास्त लावता येतात, कारण नंतर ते पुसता येतात. संगणकाने स्टंटमनची सर्वांत मोठी सेवा केली आहे ती ही.

माझी तक्रार वेगळी आहे. संगणकात शरीर बनवले की त्याचे वजन जाते, आणि कॅमेऱ्याचेही. खऱ्या गाडीचे चित्रण करणारा कॅमेरा कुठेतरी उभा असतो, त्याला चिखल लागतो, त्याला अडथळा येतो. म्हणून गाडी किती मोठी, किती जवळ, हे डोळ्याला आपोआप कळते. संगणकातला कॅमेरा भिंतीतून जातो, ठोशाभोवती फिरतो, आकाशात तरंगतो. त्याला कुठेच अडत नाही, म्हणून पाहणाऱ्यालाही काही अडकल्यासारखे वाटत नाही. माणूस खरोखर पडतो तेव्हा सदरा आधी फुगतो, हात उशिरा येतो, धूळ उठते ती ठरवून उठत नाही. या बारीकसारीक गोष्टी प्रेक्षकाला मोजून सांगता येत नाहीत, पण त्याच्या अंगाला त्या समजतात. जो कधी सायकलवरून पडला आहे त्याला पडणे ओळखता येते.

दुसरा आक्षेप याहून कडवा: धोका काढून घेतला असे तुम्ही म्हणता, मग माणसे मरतात कशी? ७ नोव्हेंबर २०१६ रोजी बंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात एका कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून तिघांनी उड्या मारल्या. नायक वाचला, खलनायकांच्या भूमिकेतले दोघे बुडाले. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत गाडी उलटवण्याचे दृश्य देताना स्टंट कलाकार एस. एम. राजू गेले. या बातम्या वाचून ‘स्टंटच बंद करा’ म्हणणाऱ्याचा राग मला समजतो. तरी नीट पाहा, त्या जलाशयात काय होते? उंची होती, पाणी होते, हिंमत होती. वाचवणारी व्यवस्था नव्हती. तो गौतमपुऱ्याचाच खेळ होता, फक्त समोर कॅमेरा होता. आणि जे नीट रचले आहे तेही कधी फसते, हे मी नाकारत नाही. गणित चुकू शकते, यंत्र दगा देऊ शकते. म्हणूनच धोक्याला शौर्य म्हणून मिरवण्याची सवय घातक आहे. ज्या सेटवर ‘डेअरिंग’ हाच शब्द मोठा असतो, तिथे ‘थांबा, दोरी पुन्हा तपासू’ म्हणणारा माणूस भित्रा ठरतो. आणि सेटवर सगळ्यात गरजेचा माणूस तोच.

मग टॉम क्रूझचे काय, असे कुणी विचारेल. तो तर स्वतः करतो आणि लोक त्यासाठीच तिकीट काढतात. नॉर्वेत डोंगरकड्यावरून मोटारसायकलसह दरीत झेप घेण्याच्या त्या दृश्याआधी (चित्रपट २०२३ साली आला) त्याने ५०० हून अधिक वेळा विमानातून उड्या मारल्या आणि सुमारे १३,००० वेळा मोटारसायकल उडवण्याचा सराव केला. जाहिरातीत दिसते ती एक झेप. मला अचंबा वाटतो तो त्या १३,००० चा. रोज सकाळी मल्लखांबावर तोच ताजवा पुन्हा करणाऱ्या पोराला हा आकडा ऐकून नवल वाटणार नाही. त्याच्या वस्तादाला तर मुळीच नाही.

या कलेला मान मिळायला फार उशीर झाला. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ॲक्शन दिग्दर्शनाला जागा मिळाली ती २०१७ साली; पहिला मान ‘पुलीमुरुगन’साठी पीटर हेन यांना. ऑस्करने स्टंट डिझाइनला पुरस्कार देण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले, आणि तो प्रत्यक्षात २०२८ च्या सोहळ्यात दिला जाईल. आनंद आहे. पण या पुरस्काराच्या नावातला ‘डिझाइन’ हा शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रचनेला मान द्यायचे त्यांनी ठरवले आहे.

मराठी चित्रपटाकडे मोठा पैसा नाही, हे खरे. शिवकालीन लढाया काढताना आपल्याकडे शेकडो घोडे नसतात, सात आठवडे नसतात. पण आपल्याकडे कोल्हापूरची मर्दानी खेळांची परंपरा आहे, दांडपट्टा फिरवणारे हात आहेत, तालमी आहेत, मल्लखांबाचे आखाडे आहेत. पडायला शिकलेली शरीरे आहेत. मूकपटांच्या काळात याच मातीतून आलेले मास्टर विठ्ठल तलवारबाजीच्या जोरावर ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ ठरले आणि १९३१ च्या ‘आलम आरा’चे नायक झाले. हे भांडवल वापरायचे तर निर्मात्यांनी तीन साध्या गोष्टी कराव्यात. अंदाजपत्रकात चित्रणाच्या दिवसांशेजारी सरावाचे दिवस स्वतंत्र ओळीत लिहावेत आणि पैसे कमी पडले तर ती ओळ सगळ्यांत शेवटी कापावी. जिथे कुणी पडणार आहे तिथे रुग्णवाहिका कॅमेऱ्याच्या आधी पोहोचावी. आणि पडलेल्या माणसाचे नाव नायकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत पडद्यावर यावे.