सोसणे आणि जगणे

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या पदरी चाकरीसाठी आलेल्या पूर्वजांची आपली घरे. परमुलुखात रुजताना त्यांनी जे सोसले, त्याच्या कथा ऐकतच आपण वाढलो आणि सोसणे हाच शीलाचा निकष मानू लागलो. परंतु जे दुःख सोसूनही संपत नाही, त्याच्याविषयी ही म्हण काय सांगते? शिल्पकाराच्या मनात मूर्ती असते आणि टाकी केव्हातरी खाली ठेवली जाते. जुनाट वेदनेला ना शिल्पकार, ना शेवटचा घाव.

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो नात्यातील एका २६ वर्षांच्या तरुणामुळे. त्याला पाठीच्या कण्याचा सांधेविकार आहे. डॉक्टर त्याला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. हा विकार बहुधा ऐन तारुण्यातच सुरू होतो. उत्तररात्री कंबर दुखून जाग येते, सकाळी अंग लाकडासारखे ताठते. विशेष म्हणजे पडून राहिल्याने हे दुखणे वाढते आणि हालचालीने सैलावते. आरंभीची काही वर्षे एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, असेही घडते. या मुलाचे निदान व्हायला चार वर्षे लागली. तेवढ्या काळात आम्ही वडीलधाऱ्यांनी त्याला दोनच गोष्टी ऐकवल्या. ‘या वयात कसली कंबरदुखी?’ आणि ‘जरा पडून राहा.’ पहिल्या बोलण्यात अविश्वास होता, दुसऱ्यात माया होती. अपाय दोन्हींनी झाला.

दुःख सहन करण्याविषयी आपल्या परंपरेने पुष्कळ विचार केला आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की शीतोष्ण, सुखदुःखे येतात आणि जातात, म्हणून ती सहन कर. येथे सहन करण्याचे कारणच मुळी ‘ती जातात’ हे आहे. मग जी वेदना जात नाही, तिचे काय? आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेला ‘विवेकचूडामणी’ तर याहून पुढे जातो. प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता दुःख सहन करणे म्हणजे तितिक्षा, असे तो मानतो. हा उपदेश मुमुक्षूसाठी आहे. ज्याला अजून नोकरी करायची आहे, संसार मांडायचा आहे, त्याला तो जसाच्या तसा लावला तर औषध घेणेही दुबळेपणाचे ठरेल. विलाप न करण्याचा भाग मात्र घेण्याजोगा आहे. फक्त ‘आज दुखते आहे’ असे सांगणे म्हणजे विलाप नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. बाहेर पाऊस पडतो आहे असे सांगण्याइतकेच ते साधे कथन आहे.

तू हे कसे निभावतोस, असे आम्ही त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, ‘‘काका, बरा झालो की मग जगायला लागेन, असं म्हणण्यात दोन वर्षं गेली. आता सकाळी व्यायाम करतो, मगच ऑफिसला जातो. फार दुखलं तर त्या दिवशी तसं सांगतो.’’

या उत्तरात गीतेचा अर्थ आम्हाला निराळ्या रीतीने उमगला. वेदना जात नसेल, पण तिची तीव्रता चढते आणि उतरते. आजची तीव्रता कायमची नाही, एवढे सत्य शिल्लक उरतेच. वाईट दिवसावरून सगळ्या आयुष्याचा निवाडा करू नये आणि चांगल्या दिवशी सगळी शक्ती उधळू नये. चांगले जगणे म्हणजे हे तारतम्य, असे आम्हाला वाटते.

पण हे सारे त्याच्या एकट्याच्या हाती नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा त्यासोबतच्या टिपणात म्हटले की एखाद्याने आपल्याला वेदना होते असे सांगितले, तर त्या सांगण्याचा आदर राखावा. दुसऱ्याची वेदना मोजणारे यंत्र नाही. त्याचा शब्द हाच पुरावा, आणि तो मानणे न मानणे आपल्या हाती आहे.

येथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षी त्याच्या लग्नाची बोलणी चालली असता ‘दुखण्याचे इतक्यात बोलू नकोस’ असा सल्ला आम्हीच दिला होता. त्याने पहिल्याच भेटीत मुलीला सारे सांगितले. स्थळ मोडले आणि आम्ही त्याच्यावर रागावलो. तो शांतपणे म्हणाला, ‘‘लपवलं असतं तर रोज सकाळी दोन गोष्टी सोसाव्या लागल्या असत्या.’’

त्याची वेदना आम्हाला घेता येत नाही. पण तिच्यावर लपवाछपवीचे ओझे आम्ही चढवत होतो, ते उतरवणे आमच्या हाती होते. हल्ली तो घरी आला की ‘बरा झालास का?’ असे आम्ही विचारत नाही. ‘आज कसे आहे?’ असे विचारतो आणि जे उत्तर मिळेल, ते खरे मानतो.