कुरणाकडून कुलुपाकडे

मूल निसर्गात रमत नाही, ही तक्रार ज्या घरांतून ऐकू येते, त्याच घरांत मुलाचा सारा दिवस शिकवण्या, छंदवर्ग आणि मोबाइल यांच्या हवाली केलेला असतो. आणि उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या निसर्गशिबिराचे शुल्क भरले की या उणिवेची भरपाई झाली, अशी सोयीस्कर समजूतही तेथेच नांदते. वस्तुतः निसर्गाचा सहवास हा अभ्यासक्रमात वाढवावयाचा आणखी एक विषय नव्हे. मुलाच्या नित्यक्रमात, घरापासून हाकेच्या अंतरावर, मोकळी जमीन आणि मोकळा वेळ राखून ठेवण्याचा तो प्रश्न आहे.

ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांपर्यंत नेले. गुरे राखण्याचे काम अंगावर पडलेली मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच, त्यांना भिंतींच्या आत हजर करण्याचे फर्मान न काढता या बायांनी शाळाच कुरणावर नेली. त्या मुलांचे गुरे राखणे ही हौस नव्हती, दारिद्र्याने लादलेली चाकरी होती, हे विसरून त्या जीवनाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु पाने, बिया आणि खडे हीदेखील शिक्षणाची साधने होऊ शकतात, हा कुरणशाळेचा दाखला कोणत्याही संपन्न शहराने शिरोधार्य मानावा असा आहे.

सूरपारंब्या खेळणारे मूल कोणती फांदी आपला भार सोसेल याचा निवाडा स्वतः करते, आणि लगोरीच्या डावात उठलेला तंटा पंचावाचून मिटवते. हे विवेकाचे शिक्षण कोणताही वर्ग देऊ शकत नाही. देहाचा लाभ तर मोजून सिद्ध झालेला आहे. चीनमधील ग्वांगझौ येथे काही शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे अधिक उघड्यावर ठेवले, तेव्हा तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे 30 टक्क्यांना, तर इतर शाळांतील सुमारे 40 टक्क्यांना, लघुदृष्टिदोष जडला, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले.

यावर पालक म्हणतील की रस्त्यावर मोटारी आहेत, मैदानाच्या जागी इमारती आहेत, मुलाला एकटे सोडावे तरी कोठे? ही भीती खोटी नाही. तथापि गुडघा खरचटण्याचे भय आणि मोटारीखाली सापडण्याचे भय यांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. पहिले मुलाने सोसावयाचे आहे, दुसरे समाजाने निवारावयाचे आहे. त्याच्या निवारणाची एक वाट तर कायद्यानेच आखलेली आहे. शिक्षणहक्काच्या 2009 च्या अधिनियमाच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे अशी तरतूद आहे. पण शाळा सुटली की अनेक ठिकाणी फाटकाला कुलूप लागते, आणि भोवतालच्या वस्तीतील मुले संध्याकाळी भिंतीबाहेर उभी राहतात.

म्हणून पालकांनी शिबिरांची जाहिरातपत्रके बाजूस ठेवून शाळेच्या व्यवस्थापनाकडे आणि नगरपालिकेकडे एकच अर्ज करावा: शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत हे मैदान वस्तीतील सर्व मुलांना खुले असावे. देखरेखीसाठी आळीपाळीने आपल्यापैकी दोघांनी तेथे बसावे, आणि मुलांनी काय खेळावे हे मात्र त्यांना सांगू नये.