बॅटरी आणि अनुमान
लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडात मोटारसायकल सेल्फ घेईना की निदान ठरलेलं: बॅटरी गेली. न्यायशास्त्र, म्हणजे भारतीय तर्कशास्त्र, याला सव्यभिचार हेतू म्हणेल. खूण खरी, पण ती एकाच कारणाशी बांधलेली नाही. चार्जिंगचा रेग्युलेटर जळला, स्टेटरची वायंडिंग गेली, अर्थिंग सैल झालं, तरी सेल्फ असाच मुका राहतो. नवी बॅटरी टाकली की गाडी सुरू होते ना, हा आक्षेप वजनदार वाटतो. पण चार्ज केलेली बॅटरी चार्जिंग बंद असतानाही काही काळ गाडी ओढतेच. म्हणजे हा पुरावा कुणाच्याच बाजूचा नाही. मल्टिमीटर मात्र भेद करतो: रेस दिल्यावर बॅटरीच्या टोकांवर सुमारे १४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग शाबूत, १२.५ वरच अडकले तर संशय स्टेटर-रेग्युलेटरकडे सरकतो. मराठवाड्याचं ऊन बॅटऱ्यांचं आयुष्य खातं, हेही खरंच; म्हणून तर न तपासलेलं अनुमान अनेकदा बरोबर निघतं आणि तपासणी आणखी मागे पडते.