कवडसा

बसा. पाठ भिंतीला टेकू द्या.

जळगाव जामोदमधली मे महिन्याची दुपार. चार वाजत आलेत. उत्तरेला सातपुडा उन्हानं धुरकटलाय. तुम्ही नुकते रस्त्यावरून या जुन्या कवेलूच्या घरात आला आहात.

अजून काही दिसत नाही. असू द्या. बाहेर हजारो लक्सचं ऊन आहे, इथे त्याचा शंभरावा हिस्साही नाही. डोळ्यांना सवड द्या.

श्वास घ्या. हळूच सोडा.

समोरची भिंत उमटू लागते. आधी करडी. मग पांढरी. मग चुन्यात कालवलेली नीळ दिसते.

त्या निळाईवर नजर ठेवा. गारवा जाड मातीच्या भिंतींचा आहे, रंगाचा नाही. तरी डोळे निवतात. निवू द्या.

आता कवडसा पाहा. कवेलूंमधली फट वेडीवाकडी, कवडसा मात्र गोलसर. बारीक फटीतून सूर्याचंच बिंब भिंतीवर उतरलंय.

त्याच्यापाशी थांबा.

तो सरकतोय. सूर्य पश्चिमेला कलतो, तसा कवडसा पूर्वेच्या भिंतीवर वर चढतो. घाई करू नका. पाहत राहा.

श्वास घ्या. सोडा.

तुमच्या डोळ्यांतही काही घडतंय. दृष्टिपटलात थोड्या वेगळ्या पेशी असतात. त्या स्वतः प्रकाश टिपतात, हे 2002 मध्ये उलगडलं. निळसर उजेड त्यांना सर्वांत जास्त जाणवतो. दिवस आहे, असं त्या मेंदूला कळवतात, आणि शरीराचं घड्याळ त्यावरून जुळतं.

दिवेलागणीला 6500 केल्विनची पांढरी ट्यूब लावली, की त्यांना अजून दिवसच वाटतो. 2700 केल्विनचा पिवळा दिवा मंद ठेवा. झोपेला वाट मिळते.

पुन्हा कवडशाकडे या.

आणि आता मनानंच तुमच्या घरात जा. बैठकीतून पुढे. अगदी आतल्या खोलीत, जिथे दिवसाही दिवा लागतो.

तिथे कोणाची खाट आहे?

आजीची असेल. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळा उजेड आत कमी पोचतो. म्हणजे तिला दिवसाचा उजेड आपल्याहून जास्त हवा, आणि तिच्याच वाट्याला अंधारी खोली येते. हे मला फार लागतं.

तिच्याजवळ क्षणभर बसा. तिला काय दिसतं, ते पाहा.

मग उठा. आजीला विचारा, आणि घरातल्या दोघांनी धरून खाट खिडकीपाशी आणा. सकाळचं कोवळं ऊन येतं, त्या खिडकीपाशी.