या जगाचं चटईक्षेत्र

माझ्या डाव्या तर्जनीवरची शाई अजून गेलेली नाही. तेरा दिवस झाले. बायको म्हणते, लिंबू लावून घासा. मी घासत नाही. परवा, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, मिस्सा आटोपून बाहेर पडल्यावर ते बोट मी मुद्दाम अंकलच्या नाकासमोर नाचवलं. अंकल म्हणजे खोताच्या वाडीतले एक ज्येष्ठ सद्गृहस्थ. वाडीत साठीपुढचा प्रत्येक पुरुष अंकलच असतो, त्यामुळे नेमके कोण ते कळायची भीती नाही. अंकलचं बोट स्वच्छ होतं. साबणाच्या जाहिरातीत शोभावं इतकं.

"मत नाही दिलंत?"

"अरे, आपलं राज्य इथलं आहे का?" अंकल म्हणाले. "गेल्या रविवारचं शुभवर्तमान ऐकलंस ना? प्रभूनेच पिलाताला सांगितलंय."

विधानसभेच्या निकालाला आठ दिवस झाले होते आणि तोवर मी बरंच ऐकून घेतलं होतं. यंत्रं, लाडक्या बहिणी, बटेंगे-कटेंगे, यांच्या एवढ्या जागा आल्या कशा आणि त्यांच्या गेल्या कशा, सगळं. गप्प बसलो होतो. पण पिलातासमोर बांधून उभ्या केलेल्या ख्रिस्ताला कुणी आपल्या सुट्टीच्या अर्जावर सही करायला लावावं, हे मला सोसलं नाही.

आता अंकलचा कार्यक्रम बघा. मतदान बुधवारी, २० नोव्हेंबर २०२४ ला. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाचं दर्शन सुरू झालं २१ला. अंकल १९च्या रात्री गाडीत बसले. पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत! हा सोहळा दहा वर्षांतून एकदा येतो हे मला मान्य आहे. पण आला की चोवीस तासांत जात नाही. ५ जानेवारीपर्यंत चालणार होता, चांगला दीड महिना. झेवियर १५५२ साली वारला. एवढी वर्षं ज्याने वाट पाहिली, त्याने गिरगावातला एक मतदार बोटाला शाई लावून बुधवारी रात्री निघाला म्हणून काही रुसवा धरला नसता. उलट हा बाबा स्वतः कसा होता, ते अंकलनी रांगेत उभं असताना कुणाला तरी विचारायला हवं होतं. तमिळ किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या परवर लोकांना पोर्तुगीज अधिकारी छळतात, लुबाडतात, म्हणून तो थेट पोर्तुगालच्या राजाला पत्रं धाडायचा. नावं घेऊन खरडपट्टी काढायचा. आपलं राज्य इथलं नाही, अधिकाऱ्यांचं ते अधिकारी बघतील, असा सूर त्याने लावलेला मला तरी आढळला नाही.

अंकलचं राज्य इथलं नाही हे ऐकून खरं तर मला बरंच वाटायला हवं होतं. वाडीतला एक माणूस संतपदाला पोचला. पण मग आठवायला लागलं. मागच्या गल्लीत टॉवर उठायला लागला तेव्हा आपल्या माडीवरचं ऊन गेलं म्हणून वॉर्ड ऑफिसात चकरा कोण मारत होतं? लाकडी जिन्याच्या दुरुस्तीला वारसा परिसराचे नियम आडवे आले तेव्हा "साहेबांना सांगून बघा ना" म्हणत पक्षाच्या शाखेत कोण बसलं होतं? शेजारच्याने घर विकायला काढलं त्या दिवशी, किती चटईक्षेत्र मिळेल, त्यातलं किती विकता येईल, हस्तांतरणीय विकास हक्काचं काय होईल, याचा हिशेब अंकलनी आम्हाला बाकड्यावर बसून तोंडपाठ सांगितला होता. महापालिकेच्या अभियंत्यालाही इतकं सुसंगत सांगता आलं नसतं. तेव्हा राज्य वरचं असेल, चटईक्षेत्र मात्र इथलंच. आणि मतदानासाठी तीन दिवस आणि मतमोजणीला एक दिवस दारूची दुकानं बंद राहिली, तेव्हा गोव्याला निघण्यापूर्वी सरकारी जुलमाविरुद्ध वाडीत सर्वांत खणखणीत भाषण कुणी केलं, हे मी सांगत नाही. एकूण, जिथे काही मिळवायचं असतं तिथे अंकल या जगाचे असतात. जिथे रांगेत तासभर उभं राहून काहीच हाती लागत नाही, तेवढी जागा स्वर्गाची.

पिलाताच्या त्या प्रसंगाचं जरा ऐका. ते बोलणं काही समुद्रकिनाऱ्यावर, सुट्टीत झालेलं नाही. सरकारी वाड्यात, रोमन सुभेदारासमोर, मरणाच्या खटल्यात झालेलं आहे. माझी सत्ता तलवारीने आलेली नाही, म्हणून माझी माणसं माझ्यासाठी मारामारी करत नाहीत, असा त्याचा आशय. यातून मारामारी करू नका असं निघतं. घरी बसा, असं कुठून निघालं? आणि त्या प्रसंगात राजकारणातून हात काढून घेणारा एक माणूस आहेच. त्याने चारचौघांत पाणी मागवून हात धुतले. त्याचीही बोटं स्वच्छ होती.

हे वाचन ज्या सणाला होतं तो ख्रिस्तराजाचा सण २०२४ मध्ये २४ नोव्हेंबरला, म्हणजे निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आला. माझ्या आजीच्या काळी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असायचा. मग वरच्या लोकांनी तो उचलून नोव्हेंबरात नेला. मला तो बदल आवडलेला नाही. मिस्सेत गिटार आली तेही मला आवडलेलं नाही, आणि नोव्हेंबर सरला नाही तोच गॅलऱ्यांत नाताळचे तारे पेटतात तेही नाही. पण ते असो. हा सण सुरू झाला १९२५ च्या डिसेंबरात, पोप अकराव्या पायस यांच्या आज्ञेने. तेव्हा इटलीत मुसोलिनी सगळी सत्ता मुठीत घेत होता. त्या काळात, राजा एकच आहे आणि तो तुमच्यापैकी कुणी नाही, हे वर्षातून एक दिवस तरी मोठ्याने म्हणावं, असा तो बेत होता. म्हणजे सण मुळात राजकारणाला उत्तर म्हणून जन्मला. अंकल त्याच सणाच्या दिवशी गोव्यात मिस्सेला बसून, राजकारणाशी आपला संबंध नाही, हा निष्कर्ष काढून आले. मुसोलिनीला असे भाविक फार आवडले असते.

त्याच १९२५ साली आपल्या मुंबईत महापालिकेच्या अध्यक्षपदावर, म्हणजे आजच्या महापौरपदावर, कोण निवडून आलं होतं? जोसेफ बॅप्टिस्टा. काका बॅप्टिस्टा. माझगावच्या माथारपाखाडीतला ईस्ट इंडियन, बॅरिस्टर, टिळकांचा जिवलग. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग काढली तिचा पहिला अध्यक्ष हाच. कामगारांच्या संघटना बांधल्या त्यातही हा पुढे. तो कॅथलिक होता हे टिळकांना कधी अडलं नाही, आणि टिळकांसोबत फिरतो म्हणून काकांना आपलं चर्च सुटल्यासारखं वाटलं नाही. माझगावच्या टेकडीवर काकांच्या नावाची बाग आहे. आमची बरीच मंडळी तिथे सकाळी चालायला जातात. चालून परत येतात.

आणि आमचं तर नावच मुळी एक अर्ज आहे. साष्टी, वसई, मुंबईच्या कोळ्याकुणब्यांचे आम्ही वंशज. घरात मराठी, ताटात बॉटल मसाला. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, तो मुहूर्त साधून आम्ही स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेतलं. का, तर गोव्याहून आणि मंगळुराहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींत आणि आमच्यात सरकारने गल्लत करू नये, कंपनीचे सर्वांत जुने प्रजाजन आम्ही, नोकरीत आमचा विचार आधी व्हावा. तोवर कंपनीचं राज्य बुडून तीस वर्षं होत आली होती! एका मेलेल्या कंपनीचं नाव कपाळावर लावून जी जमात सरकारदरबारी उभी राहिली, तिने आता राज्य इथलं नाही म्हणावं, याला काय म्हणायचं?

बाकीच्या सबबी मी ऐकल्या, त्या नेहमीच्याच. यादीत नाव नव्हतं: हे खरं असू शकतं, मला दया येते. सगळे चोर आहेत: मग त्यातला कमी चोर शोधा, बाजारात मासळी घेताना शोधताच की. आपली मतं मूठभर, त्यांनी काय होणार: वसईकरांना विचारा. तिथे हितेंद्र ठाकूरांसारखा माणूस या निवडणुकीत तीन हजारांच्या आसपास मतांनी पडला. वसईतल्या दोनचार पॅरिशची मंडळी त्या दिवशी गोव्याला गेली असती किंवा न गेली असती, तरी तेवढा फरक पडू शकला असता. राज्यात सहासष्ट टक्के मतदारांनी मत दिलं. आमच्या शेजारच्या कुलाब्यात चव्वेचाळीसच्या आसपास. श्रीमंतांचंही राज्य इथलं नसावं.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत, त्यांनाही सोडायला नको. जिंकणाऱ्याला देवानेच बसवलं, तेव्हा आता तोंड मिटा, असा एक फॉरवर्ड निकालाच्या शनिवारपासून माझ्या फोनवर अकरा वेळा आला. प्रत्येकाखाली 'आमेन'. 'आमेन' हा शब्द अंगठ्याने दाबायचा नसतो, हे मी या स्तंभात यापूर्वीही लिहिलं आहे. हेरोदही कुणीतरी बसवलेलाच होता.

माझं म्हणाल तर मी जुन्या वळणाचा माणूस. गुडघे दुखतात तरी टेकतो. २०२१ मध्ये ठरावीक स्त्रियांपुरती गर्भपाताची मुदत २० आठवड्यांवरून २४ वर गेली, ते माझ्या लेखी पाप आहे, आणि प्रचारात त्याबद्दल मला कुणाच्याही तोंडून अवाक्षर ऐकू आलं नाही. मणिपुरात २०२३ च्या मे महिन्यापासून चर्च जळाली, त्याबद्दल काही जण बोलले, पण ते पहिल्या गोष्टीबद्दल बोलणारे नव्हेत. दरमहा पंधराशे रुपये बहिणीला द्यावेत की नाहीत यावर मी रात्री बायकोशी वाद घातला आणि हरलो. म्हणजे माझ्या विवेकाला पुरता बसेल असा उमेदवार यंत्रावर नव्हता. तरी गेलो. पुढच्या माणसाच्या मानेवरचा डास बघत तासभर उभा राहिलो आणि बटण दाबलं. कुणाचं ते विचारू नका, बायकोलाही सांगितलेलं नाही.

पाद्रींनी कुणाला मत द्या ते सांगू नये, या मताचा मी आहे. २०१४ मध्ये झेवियर कॉलेजच्या प्राचार्य फादरांनी विद्यार्थ्यांना गुजरात मॉडेलविषयी लिहिलं तेव्हा मी चिडून घरात येरझाऱ्या घातल्या होत्या. पण फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या पाण्यासाठी, हिरव्या जमिनीसाठी टँकरवाल्यांच्या आणि बिल्डरांच्या अंगावर गेले तेव्हा मला अभिमान वाटला होता. त्यांची कितीतरी मतं मला पचायची नाहीत. २०२४ च्या जुलैत ते गेले. या दोन फादरांना मी वेगवेगळी मापं का लावली, याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. एक मला पटणारं बोलत होते, एवढंच असेल.

आणि अंकलवर इतकं तोंडसुख घेतल्यावर हेही सांगून टाकतो की २००९ च्या ३० एप्रिलला मी माथेरानला होतो. गुरुवारी मतदान, शुक्रवारी महाराष्ट्र दिन, मग शनिवार-रविवार. पाच महिन्यांपूर्वीच २६ नोव्हेंबर घडून गेलं होतं आणि मी गेट वेजवळ मेणबत्ती धरून उभा होतो. माथेरानला हवा छान होती. तेव्हा मी कुठलं शुभवर्तमान पुढे केलं होतं ते आठवत नाही. बहुधा केलंच नव्हतं. तेवढा प्रामाणिकपणा माझ्या खात्यावर मांडायला हरकत नसावी.

पाच डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी ठरला होता. मंडप घालायला लागले होते. शपथ कोण घेणार ते मात्र मी हे लिहीपर्यंत कुणी सांगितलेलं नव्हतं. आगमनकाळात राजाची वाट पाहायची आम्हाला सवय आहे, पण आमच्याकडे निदान नाव तरी आधी ठरलेलं असतं.

रविवारी दुपारी अंकल घरी आले. एका हातात बेबिंका, दुसऱ्या हातात कोरा फुलस्केप. वाडीच्या तोंडाशी गटार तुंबलंय, मोटारसायकली आडव्यातिडव्या लागतात, रात्री दिवा बंद असतो. नगरसेवक तर मार्च २०२२ पासून नव्हतेच, प्रशासकाचं राज्य होतं. तेव्हा अर्ज आमदारांना द्यायचा. "तू लिही, तुझं मराठी चांगलं." बेबिंका उत्तम होती. दोन तुकडे खाऊन मी लिहायला घेतलं: आम्ही खाली सह्या करणारे खोताच्या वाडीतील रहिवासी, आपणांस नम्र विनंती करतो की.

अंकलनी चष्मा चढवून सगळं नीट वाचलं. मग 'रहिवासी' या शब्दावर बोट ठेवलं. तेच, स्वच्छ.

"इथे 'मतदार' लिही," म्हणाले. "वजन पडतं."