इश्तरचीं दोन रूपें

बाबिलोन व असुरिया या प्राचीन देशांच्या धर्माविषयीं वाचतांना आमच्या वाचकांस एका गोष्टीचा अचंबा वाटल्यावांचून राहणार नाहीं. तेथील लोकांनीं प्रीति आणि संग्राम हीं दोन्ही खातीं एकाच देवतेकडे सोंपविलीं होतीं. तिचें नांव इश्तर. सुमेरी लोक तिला इनाना म्हणत. दोन निराळ्या देवता कालांतरानें एकरूप झाल्या, असा उलगडा कांहीं पंडित करितात. तो मान्य केला, तरी त्या हजारों वर्षें पुन्हां विभक्त कां झाल्या नाहींत, हा प्रश्न उरतोच.

याचें उत्तर आम्हांस असुरबनिपाल राजाच्या लेखांत सांपडतें. इ. स. पूर्वीं ६५३ च्या सुमारास एलामचा राजा तेउमान सैन्य जमवूं लागला, तेव्हां असुरियाच्या या राजानें आर्बेला येथील इश्तरपुढें अश्रु ढाळले. त्याच रात्रीं एका द्रष्ट्यास स्वप्न पडलें. खांद्यांवर भाते, हातीं धनुष्य, तरवार उपसलेली, अशी देवी राजाशीं जन्मदात्या आईप्रमाणें बोलत होती: त्यानें येथेंच रहावें, खावें, प्यावें, गाणें ऐकावें; लढाईचें ती पाहून घेईल. मग तिनें त्यास कुशींत घेतलें, आणि तिच्यापुढें ज्वाला भडकली.

यांत विसंगति कोठें आहे? पुढें काय झालें तें निनवेच्या एका शिल्पांत कोरलेलें असून तें लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. द्राक्षवेलींच्या मांडवाखालीं राजा पहुडला आहे, राणी जवळ बसली आहे, वाद्यें वाजत आहेत. आणि एका झाडाला तेउमानचें मुंडकें लटकत आहे. देवीनें वचन अक्षरशः पाळलें! घरगुती सुखाचें याहून भयंकर चित्र आम्हीं पाहिलेलें नाहीं.

प्रेम मनुष्यास मृदु करितें, अशी आपली समजूत असते. आपल्या माणसांपुरतें तें खरेंही आहे. परंतु ‘आपलें’ म्हटलें कीं कुंपण आलें, आणि कुंपणापलीकडे कोणीतरी आलाच. हें प्रेम नव्हे, हा मोह, असें आमचे वेदांती मित्र म्हणतील. म्हणोत बापडे, पाळण्यापाशीं बसलेल्या मातेस हा भेद करतां येतो काय?

गिल्गमेशच्या महाकाव्यांत जलप्रलयाच्या वेळीं हीच इश्तर प्रसूतिवेदनांनीं व्याकुळ झालेल्या स्त्रीसारखी आक्रोश करते. देवसभेंत या संहारास आपणच रुकार दिला, आणि आपलीं लेंकरें माशांसारखीं समुद्र भरून पडलीं, हें तिला सोसवत नाहीं. त्या प्रलयांत परका कोणीच नव्हता. बुडाले ते सारे तिचेच होते. एलामसाठीं ती रडल्याचा उल्लेख असुरबनिपालच्या लेखांत नाहीं.