सुधारणेचा हेतु आणि सुधारणेचें मोल

नीतिशास्त्राच्या वर्गांत कांटच्या दुकानदाराचें उदाहरण निघालें कीं विद्यार्थ्यांत वाद माजल्यावांचून राहत नाहीं. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकासही वाजवी भावानेंच माल देतो. परंतु तें सचोटीच्या प्रेमामुळें नव्हे, तर त्यांत आपल्या धंद्याचें हित आहे म्हणून. कांटच्या मतें त्याची कृति कर्तव्यास धरून आहे, पण कर्तव्यबुद्धींतून झालेली नाहीं. सबब तिला नैतिक मोल नाहीं. वर्गांतील निम्मीं मुलें यावर माना डोलावतात. उरलेल्यांपैकीं एखादी मुलगी उठून विचारते, "पण सर, गिऱ्हाइकाचें काय? त्याच्या पदरांत माप तर पुरेंच पडलें ना?" हा प्रश्न आम्हांस दरवर्षीं अधिकाधिक अवघड वाटूं लागला आहे, आणि तो दुकानदाराविषयीं न विचारतां एखाद्या राष्ट्राविषयीं विचारला, तर उत्तर देण्यास आमचीं नेहमींचीं पुस्तकें अपुरीं पडतात.

तुर्कस्तान म्हटलें कीं मराठी वाचकास खिलाफतीची चळवळ आणि केमाल पाशा यांपलीकडे सहसा कांहीं आठवत नाहीं. परंतु युरोपीय संघाच्या दाराशीं या देशाची जी दीर्घ उमेदवारी चालली, तिच्या इतिहासांत वरील प्रश्न जितका उघडा झाला आहे तितका दुसरीकडे क्वचितच झाला असेल. १९६३ च्या सप्टेंबरांत अंकारा येथें झालेल्या करारानें हें नातें जडलें, आणि पुढेंमागें पूर्ण सभासदत्व मिळूं शकेल असें त्यांत सूचित केलें होतें. १९८७ सालीं तुर्कस्ताननें रीतसर अर्ज केला. त्या वेळीं त्या देशाचा कारभार १९८० च्या लष्करी उठावानंतर सेनापतींच्या देखरेखीखालीं तयार झालेल्या १९८२ च्या राज्यघटनेवर चालला होता. पुढें १९९३ सालीं युरोपच्या नेत्यांनीं कोपनहेगन येथें ठरविलें कीं, ज्याला आंत यावयाचें आहे त्याच्यापाशीं लोकशाहीच्या स्थिर संस्था, कायद्याचें राज्य आणि मानवी हक्कांची व अल्पसंख्याकांची जपणूक हीं असलींच पाहिजेत. १९९७ सालीं लक्झेंबर्गच्या बैठकींत तुर्कस्तानास उमेदवारांच्या यादींतून वगळण्यांत आलें; दोनच वर्षांनीं, डिसेंबर १९९९ मध्यें, हेलसिंकी येथें त्याचें नांव घेण्यांत आलें.

त्याच १९९९ सालीं एक कैदी तुर्कस्तानच्या हातीं लागला होता. कुर्द बंडखोरांचा पुढारी अब्दुल्ला ओजालान यास फेब्रुवारींत नैरोबी येथें पकडून आणलें, मार्मारा समुद्रांतील इम्रालीच्या बेटावर त्याच्यावर खटला चालला, आणि २९ जून रोजीं त्याला फांशीची शिक्षा झाली. १९८४ पासून चाललेल्या त्या लढ्यांत हजारों माणसें मेलीं होतीं. ज्यांचे मुलगे सैन्यांतून परत आले नाहींत अशा आयाबापांनीं तो निकाल ऐकला. त्यांच्या दृष्टीनें ही फांशी म्हणजे न्यायाचें अगदीं शेवटचें माप होतें, आणि त्यांना दुष्ट म्हणण्याचा अधिकार आम्हां कोणासही नाहीं. १९८४ नंतर तुर्कस्तानांत कोणासही प्रत्यक्ष फांशीं दिलेलें नव्हतें हें खरें. पण दोर कायद्यांत होता, आणि त्या वर्षीं तो ओढावा अशी लोकांची इच्छा होती. तरीही सरकारनें अंमलबजावणी लांबणीवर टाकली. ३ ऑगस्ट २००२ रोजीं संसदेनें युद्धकाळ वगळून फांशीची शिक्षा रद्द केली, त्यायोगें ओजालानची शिक्षा जन्मठेपेंत बदलली, आणि २००४ सालीं घटनेंतूनच ती शिक्षा काढून टाकण्यांत आली.

हें दयेनें झालें काय? कोणाही प्रामाणिक माणसास 'होय' म्हणतां येणार नाहीं. संघांत शिरावयाचें तर फांशी ठेवतां येत नाहीं, हें सर्वांस ठाऊक होतें. कुर्द भाषेचीही हीच कथा. लेयला झाना या बाईंनीं १९९१ सालीं संसदेंत शपथ घेतांना शेवटीं एक वाक्य कुर्द भाषेंत उच्चारलें. पुढें १९९४ सालीं त्यांस पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्या शपथेचा डाग त्यांच्यावर बसला तो बसलाच. आणि जून २००४ मध्यें त्या तुरुंगांतून सुटल्या, त्याच महिन्यांत सरकारी दूरचित्रवाणीवर कुर्द भाषेंतील कार्यक्रम सुरू झाला. वाटाघाटींचा मुहूर्त ठरविण्याचा प्रश्न त्या वर्षाच्या अखेरीस निघणार होता. ही तारखांची सांगड ज्यास दिसत नाहीं त्यास पंचांग वाचतां येत नाहीं असेंच म्हणावें लागेल.

यावर आक्षेप दोन बाजूंनीं येतो. युरोपांतील संशयी म्हणतात, ही सुधारणा खरी नव्हे. परीक्षेपुरती पाठ केलेली आहे. तुर्कस्तानांतील राष्ट्राभिमानी म्हणतात, ही सुधारणा आमची नव्हे. ब्रसेल्सच्या हुकुमानें आलेली आहे. १९२० च्या सेव्रच्या तहांत अल्पसंख्याकांच्या नांवानें आपल्या देशाची फाळणी कशी ठरली होती, हें ज्या राष्ट्रानें मुलांस शाळेंत शिकविलें, त्याला परक्याच्या तोंडचा 'हक्क' हा शब्द संशयास्पद वाटावा यांत नवल नाहीं. आम्हां महाराष्ट्रीयांस तर हें समजावयास फार लांब जावें लागत नाहीं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हां टिळकांचा मुख्य रोख हाच होता कीं परक्या सरकारनें कायद्याच्या बळानें आमच्या घरांत शिरूं नये. आणि आगरकरांना दिसत होती ती त्या घरांतील मुलगी. दोघांच्या बाजूंनीं लिहिलेलें आम्हीं तरुणपणीं वाचलें, आणि तेव्हां आगरकरांकडे झुकलेलें मन पुढें कधीं मागें फिरलें नाहीं. मात्र एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. आमच्याकडे तो कायदा करणाऱ्या सभेंत आमचे निवडलेले प्रतिनिधि बसत नव्हते. अंकाऱ्याच्या संसदेंत तुर्कांचेच बसत होते, आणि सरकारांतील एका पक्षानें विरुद्ध मत दिलें असतांही ठराव संमत झाला. अट बाहेरची असेल, हात आंतलेच वर झाले.

मिल्लनें कांटला दिलेलें उत्तर येथें बरेंच उपयोगी पडतें. बुडत्यास पाण्यांतून काढणाराचें कृत्य बक्षिसाच्या आशेनें केलेलें असलें तरी योग्यच ठरतें. हेतूवरून माणसाची पारख होईल, कृत्याची नव्हे, असें त्याच्या म्हणण्याचें तात्पर्य. आणि संसदेला माणसासारखें एक अंतःकरण तरी कोठें असतें? साडेपांचशें सभासदांत कोणी खरोखर दयाळु असेल, कोणी निवडणुकीकडे पाहणारा, कोणी नुसता पक्षाचा आदेश मानणारा. या सर्वांचा मिळून हेतु काय असें विचारणें म्हणजे नदीचा स्वभाव विचारण्यासारखें आहे. गीतेंतील फलाशेच्या त्यागाचा उपदेशही व्यक्तीस आहे. मंत्रिमंडळाला तो लागू करूं म्हणणारे आमचे कांहीं मित्र आहेत, पण त्यांना अजून असें मंत्रिमंडळ दाखवितां आलेलें नाहीं.

तथापि मिल्ल येथें पुरता पडत नाहीं. बुडणारा एकदां कांठावर आला कीं काम संपलें. हक्काचें तसें नाहीं. तो रोज द्यावा लागतो. म्हणून राष्ट्राच्या बाबतींत हेतूचा प्रश्न दुसऱ्या वाटेनें परत येतो: बक्षिसाची आशा सुटली, तर दिलेलें परत घेतलें जाईल काय?

आशा सुटण्याची वेळ फार लौकर आली. ३ ऑक्टोबर २००५ रोजीं वाटाघाटी सुरू झाल्या, पण त्यांच्या चौकटींतच असें नमूद होतें कीं निष्पत्तीची हमी आगाऊ देतां येत नाहीं. आमच्या मतें या प्रकरणांतील खरा नैतिक दोष येथें आहे, आणि तो सहसा कोणी दाखवीत नाहीं. जो अट घालतो तो स्वतःही बांधला जातो. 'हें कर म्हणजे आंत घेईन' या वाक्याचा पहिला भाग आज्ञा असेल, दुसरा भाग वचन आहे. सायप्रसचेंच पाहा. २४ एप्रिल २००४ रोजीं त्या बेटाच्या एकीकरणाच्या योजनेवर दोन्ही भागांत मतें घेतलीं. तुर्की सायप्रसवासीयांपैकीं शेंकडा पासष्टांनीं होकार दिला, ग्रीक सायप्रसवासीयांपैकीं शेंकडा शहात्तरांनीं नकार. आठवडाभरानें, १ मे रोजीं, नकार देणारे संघांत बसले आणि होकार देणारे बाहेर राहिले. पुढें तुर्कस्ताननें आपलीं बंदरें सायप्रसच्या जहाजांस खुलीं केलीं नाहींत म्हणून २००६ च्या डिसेंबरांत वाटाघाटींचीं आठ प्रकरणें थांबविण्यांत आलीं; आणि २००७ पासून फ्रान्सच्या नव्या अध्यक्षांनीं तुर्कस्तान युरोपांत बसतच नाहीं अशी भूमिका घेऊन आणखी कांहीं प्रकरणें अडविलीं. जी अट पुरी करतां येते ती अट; भूगोल बदला म्हणणें ही अट नव्हे. एकूण पस्तीस प्रकरणांपैकीं सोळा उघडलीं आणि एकच, विज्ञान व संशोधनाचें, मिटलें. मार्च २०१६ मध्यें निर्वासितांस रोखून धरण्याच्या मोबदल्यांत पैशाचा व सवलतींचा करार झाला, तेव्हां तर अट घालणारानेंच आपलें नाणें बदललें. पूर्वीं हक्कांच्या बदल्यांत प्रवेश होता. आतां पहाऱ्याच्या बदल्यांत रोख रक्कम.

हें म्हणतांना आम्ही तुर्कस्तानच्या राज्यकर्त्यांस सोडून देत नाहीं. वचन मोडलें म्हणून आपल्याच नागरिकांस तुरुंगांत टाकण्याचा परवाना कोणास मिळत नाहीं. जुलै २०१६ मधील फसलेल्या लष्करी उठावांत अडीचशेंच्या आसपास माणसें मेलीं, आणि सरकारला स्वतःच्या रक्षणाचा हक्क होता, हें कबूल; पण नंतरच्या दोन वर्षांच्या आणीबाणींत लाखाहून अधिक सरकारी नोकर नुसत्या हुकुमांनीं काढून टाकले गेले, त्यांत आमच्यासारखे प्राध्यापक कितीतरी होते. एप्रिल २०१७ च्या जनमतानें सारी सत्ता अध्यक्षाकडे गेली. जून २०१८ मध्यें संघाच्या परिषदेनें वाटाघाटी जागच्या जागीं थांबल्या आहेत असें जाहीर केलें. आमचें दुःख आहे तें या दोघांच्या भांडणांत तिसऱ्याचें जें झालें त्याचें. जे वकील, संपादक, अध्यापक आपल्या देशांत हक्कांची बाजू मांडीत होते, त्यांस पूर्वीं 'हें केलें तर आपण आंत जाऊं' असें म्हणतां येत होतें. दार लोटलें गेलें तेव्हां त्यांच्या हातचा पुरावाच गेला, आणि ते परक्याचे हस्तक ठरले. शासनाला दिलेलें वचन मोडलें तर शासन दुसरा मित्र शोधतें. या माणसांस तें शक्य नव्हतें.

मग टिकलें काय आणि गेलें काय? उत्तर विचित्र आहे. २०१६ च्या उठावानंतर चौकाचौकांत फांशीची मागणी झाली, अध्यक्षांनीं संसदेनें ठराव केल्यास सही करूं असें सांगितलें. तरी फांशी परत आली नाहीं. उमेदवारीचा उरलासुरला धागा तुटेल ही भीति त्यामागें होती हें मान्य केलें तरी, दोर आणावयास आतां घटनाच बदलावी लागणार होती, हेंही कारण थोडें नव्हे. कुर्द भाषेच्या आरंभींच्या त्या कार्यक्रमाची २००९ मध्यें चोवीस तासांची स्वतंत्र वाहिनी झाली, आणि ती बंद पडली नाहीं. उलट न्यायालयाच्या निकालाला मान तुकविणें, ही जी सर्वांत मोठी सुधारणा, तीच गेली. उस्मान कवाला यांस सोडावें असा निकाल स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानें डिसेंबर २०१९ मध्यें दिला असतां, एप्रिल २०२२ मध्यें त्यांस जन्मठेप झाली. आम्हांस यांतून एवढेंच दिसतें कीं, सत्तेच्या हातांतून जी वस्तु एकदां काढून घेतली गेली ती परत घेणें तिला जड जातें. पण जेथें सत्तेनें रोज स्वतःहून वांकावयाचें असतें, तेथें बाहेरच्या आशेनें लागलेली संवय आशेबरोबरच सुटते. मग तिची जागा आंतली संवय घेईल कीं नाहीं, हें त्या देशांतील माणसांवर राहतें.

आणि तेथें चित्र एकरंगी नाहीं. २०१० च्या घटनादुरुस्तीनें सामान्य नागरिकास आपल्या हक्कासाठीं थेट घटनात्मक न्यायालयाकडे जाण्याची मुभा मिळाली, आणि सप्टेंबर २०१२ पासून ती अमलांत आली. २०२३ च्या अखेरीस जान अताले या निवडून आलेल्या, पण तुरुंगांत असलेल्या सभासदाच्या बाबतींत या न्यायालयाचा निकाल दुसऱ्या वरिष्ठ न्यायालयानें मानला तर नाहींच, उलट तो देणाऱ्या न्यायाधीशांविरुद्धच फिर्याद गुदरली. त्यानंतर वकील आपले काळे झगे घालून अंकाऱ्याच्या रस्त्यावर उतरले. त्यांच्यापैकीं पुष्कळांना युरोपांत जाण्याची आतां आशा उरली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.